तोमी की फु? संपत्तीची ही कांजी नेमकी कुठे वापरायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी झालीय, एन३ चा अभ्यास सुरू आहे, आणि मेव्हणा ठाण्यात म्युच्युअल फंड आणि विम्याचं ऑफिस टाकतोय. त्याला बोर्डवर नावाशेजारी संपत्ती या अर्थाची एक कांजी, म्हणजे जपानीत वापरलं जाणारं चिनी अक्षर, हवीय. नेटवर शोधलं की एकच कांजी सगळीकडे दिसते, 富: वर छप्पर, खाली आडवी रेघ, मग छोटा चौकोन, मग चार खणांचं शेत. पण तिचं वाचन, म्हणजे उच्चार, कुठे फु, कुठे तोमी, कुठे नुसतं तो, आणि क्लासमध्ये तर श्रीमंत माणसाला ओकानेमोची शिकवलं ज्यात ही कांजी येतच नाही. मग हिचा खरा अर्थ काय आणि बोर्डवर चालेल का, हे तुम्ही विचारलंय. मी इथे तिला सरळ "तोमी" म्हणते.

मी जपानीतून मराठी आणि इंग्रजीत भाषांतराचं काम करते, जास्त करून कंपन्यांचे रिपोर्ट, मशीनची मॅन्युअल्स, अधूनमधून वर्तमानपत्रांतले लेख. त्या कामात ही कांजी सारखी भेटते, आणि गंमत म्हणजे तिथे पैशाचा विषय असतोच असं नाही. म्हणून मला वाटतं तुमचा खरा प्रश्न "अर्थ काय" हा नाहीये, डिक्शनरीत तो एका ओळीत मिळतो. खरा प्रश्न असा आहे की जपानी माणूस संपत्तीबद्दल बोलताना चार-पाच वेगवेगळ्या कांजी वापरतो, त्यातली ही नेमकी कधी काढतो आणि कधी काढत नाही. ते कळलं की बोर्डचं उत्तर आपोआप मिळतं.

आधी आकार बघू, कारण त्यावरून नेटवर एक गोष्ट फिरते. छप्पर, एक, तोंड आणि शेत, म्हणजे "एका छपराखाली एक तोंड आणि त्याच्या वाट्याला अख्खं शेत, म्हणून श्रीमंत". लक्षात ठेवायला ही युक्ती एकदम झकास आहे, मीसुद्धा नवीन मुलांना सांगते. पण कांजी तशी बनलेली नाही. छपराखालचा रेघ-चौकोन-शेत हा सगळा मिळून एकच तुकडा आहे, तो मुळात पोट फुगलेल्या, काठोकाठ भरलेल्या मद्याच्या भांड्याचं चित्र समजला जातो, आणि त्याचं मुख्य काम आवाज देण्याचं आहे. हाच तुकडा तुम्हाला फुकु म्हणजे सौभाग्य या कांजीत दिसेल, "उप" या अर्थाच्या फुकु मध्ये दिसेल (फुकुशाचोऽ म्हणजे कंपनीचा उपाध्यक्ष), आणि हाबा म्हणजे रुंदी या कांजीतही दिसेल, तिचं चिनी वळणाचं वाचन परत फुकुच. त्यामुळे एकदा हा तुकडा ओळखला की एन३ ला चार कांजी एका फटक्यात होतात. आमच्या तोमीला या तुकड्याकडून फु मिळाला आणि भरलेल्या भांड्याचा भावही मिळाला. घर आहे, आणि घरात भांडं भरलेलं आहे.

आता त्यात काय नाहीये ते बघा, मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. पैशाशी थेट संबंध असलेल्या बहुतेक कांजींमध्ये शिंपला असतो, काइ. विकत घेणे, पैसे साठवणे, भाडं, खर्च, भांडवल, सगळीकडे डावीकडे किंवा खाली तो शिंपला बसलेला सापडतो. कारण प्राचीन चीनमध्ये कवड्या मौल्यवान ठेव म्हणून चालायच्या. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, आपण आजही कवडीमोल म्हणतो, फुटकी कवडी म्हणतो. तर तोमीमध्ये ती कवडी नाही. संपत्तीची सर्वात मोठी कांजी आणि तिच्यात पैसाच नाही, फक्त भरलेलं घर. व्युत्पत्तीवरून आजचा वापर ठरवायचा नसतो हे मी एरवी सगळ्यांना सांगत असते, पण या कांजीच्या बाबतीत आजचा वापरसुद्धा अगदी असाच आहे.

वापराचं बोलू. सर्वात जास्त सापडणारा शब्द होऽफु, भरपूर. होऽफु ना केइकेन म्हणजे भरपूर अनुभव, मेनूकार्डवर पदार्थांची होऽफु व्हरायटी, भाजीच्या पाकिटावर व्हिटॅमिन होऽफु. इथे कोणी श्रीमंत नाही, भरपूर आहे एवढंच. दुसरं म्हणजे क्रियापद तोमु, आणि याच्या आधी "नि" हा प्रत्यय लागतो हे पक्कं करून ठेवा, परीक्षेत इथेच मार्क जातात. हेंका नि तोमु, बदलांनी समृद्ध. कोकणासारख्या किनारपट्टीचं वर्णन करताना किफुकु नि तोंदा चिकेइ, चढउतारांनी भरलेला भूभाग. केइकेन नि तोंदा गिशी, अनुभवी इंजिनिअर. मराठीत मी याला बहुतेक वेळा "संपन्न" किंवा "पूर्ण" लावून मोकळी होते, अनुभवसंपन्न, वैविध्यपूर्ण. "अनुभवाने श्रीमंत" असं केलं तर वाचणारा अडखळतो.

आणि सगळ्यात डोळे उघडणारा शब्द माझ्या कामातला, फुएइयोऽका. शब्दशः घटक जोडले तर फु, पोषण, आणि "होणे". म्हणजे युट्रोफिकेशन, तळ्यात सांडपाणी, खतं, डिटर्जंटमधलं फॉस्फरस जाऊन पोषक द्रव्यं इतकी वाढतात की शेवाळ माजतं आणि पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो. आपल्याकडे नद्यांवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो त्याच्या मागे हेच कारण असतं. जपानमधलं सर्वात मोठं तळं बिवा, तिथे १९७७ मध्ये पाणी लालसर करणारी शैवालाची मोठी लाट आली आणि गृहिणींनी पुढे होऊन फॉस्फरसवाली डिटर्जंट पावडर सोडून साध्या साबणाकडे वळायची चळवळ केली. १९७९ मध्ये हे तळं जिथे आहे त्या शिगा प्रांताने कायदाच केला, फॉस्फरस असलेल्या घरगुती डिटर्जंटच्या विक्रीवर आणि वापरावर बंदी, आणि त्या कायद्याच्या नावातच "फुएइयोऽका रोखण्याबाबत" असं आहे. म्हणजे एक सरकारी कायदा या कांजीला रोखण्यासाठी! पाण्याच्या रिपोर्टमध्ये ही कांजी बघून जो "श्रीमंती" लिहील त्याचं भाषांतर कोणालाच कळणार नाही. कारखान्याच्या कागदपत्रांतही तेच, सान्सो फुका म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेली हवा, त्यातला फु हाच.

मग पैशाची श्रीमंती दाखवायला ही कांजी येतच नाही का? येते, पण उंचीवरून येते. वर्तमानपत्र, अर्थशास्त्र, इतिहास, भाषण. तोमी नो साइबुनपाइ म्हणजे संपत्तीचं फेरवाटप, हिन्पु नो सा म्हणजे गरीब-श्रीमंत दरी (इथे फु चा पु झाला, लक्षात ठेवा), क्योमान नो तोमी म्हणजे अफाट संपत्ती, फुगोऽ म्हणजे अब्जाधीश, धनकुबेर. चीनचं "सगळ्यांची समृद्धी" हे धोरण जपानी पेपरात क्योऽदोऽ फुयू म्हणून येतं. ॲडम स्मिथच्या १७७६ च्या ग्रंथाचं जपानी नाव कोकुफुरोन, राष्ट्राच्या संपत्तीचा विचार. थोडक्यात देशाची, वर्गाची, पिढीची संपत्ती म्हणायची असेल तेव्हा तोमी. शेजारच्या काकांनी नवीन गाडी घेतली तर ते ओकानेमोची, त्यांना कोणी तोमीवाले म्हणणार नाही. "आनो हितो वा फु देसु" (तो माणूस श्रीमंत आहे, या अर्थाने) असं वाक्य तर जपानीत उभंच राहत नाही. फु हा सुटा शब्द म्हणून कोणी बोलत नाही, त्याला दुसऱ्या कांजीचा हात धरावाच लागतो. सुटं बोलायचं तर तोमी.

तुमच्या मेव्हण्याच्या धंद्याशी थेट जोडलेला एक शब्द आहे तो इथे सांगते, फुयूसोऽ. श्रीमंत वर्ग, आपण एचएनआय म्हणतो ते. जपानच्या आर्थिक पानांवर हा शब्द रोज असतो, आणि नोमुरा रिसर्च इन्स्टिट्यूटची व्याख्या सगळे वापरतात: घराची कर्ज वजा जाता आर्थिक मालमत्ता, म्हणजे ठेवी, शेअर्स, बाँड, विमा वगैरे, १० कोटी येन किंवा जास्त पण ५० कोटींच्या आत असेल तर फुयूसोऽ. ५० कोटींच्या वर गेलं की चोऽफुयूसोऽ, अति-श्रीमंत. त्यामुळे बँकेच्या किंवा गुंतवणुकीच्या माहितीपत्रकावर ही कांजी दिसली तर वाचणाऱ्याच्या मनात "हे मोठ्या लोकांसाठी आहे" असं येऊ शकतं. महिन्याला दोन हजारांची एसआयपी करणारा ग्राहक हवा असेल तर हाही विचार करा. अर्थात ठाण्यातल्या किती लोकांना हे वाचता येईल हा वेगळा मुद्दा, पण ऑफिसात कधी जपानी कंपनीत काम करणारी माणसं आली तर ती वाचतीलच.

आता शेजारच्या कांजी, म्हणजे हिच्याऐवजी कोणती. कवडीवाली मुख्य कांजी झाइ. झाइसान मालमत्ता, साइफु पैशाचं पाकीट (इथे झाइ चा साइ झाला), झाइमुशोऽ अर्थ मंत्रालय, झाइबात्सु म्हणजे मित्सुई-सुमितोमो सारखी जुनी उद्योगघराणी. ही मोजता येणारी, नावावर करता येणारी, वारसाला देता येणारी मालमत्ता. कोर्टाच्या कागदात झाइ येणार, तोमी नाही. दुसरी शि, शिहोन भांडवल, शिसान म्हणजे ॲसेट. कामाला लावलेला पैसा. आणि तुमच्या मेव्हण्याचा व्यवसाय जपानीत काय म्हणतात विचाराल तर शिसान उन्योऽ, ॲसेट मॅनेजमेंट, म्हणजे शि वालाच. तिसरी फुकु, सौभाग्य, जिच्यात आपला तोच भांड्याचा तुकडा आहे पण डावीकडे छपराऐवजी देवाच्या वेदीचं चिन्ह. भेटवस्तू, नवीन वर्ष, दुकानाचं उद्घाटन, भिंतीवरची सुलेखनाची फ्रेम, इथे फुकु सगळ्यात सहज बसते. चौथी ताकारा, खजिना, लॉटरीला आज ताकाराकुजी म्हणतात.

झाइवरून एक गोष्ट सांगायचा मोह होतोय, आणि ती आपल्याशी खरंच जोडलेली आहे. आपली सरस्वती बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेली आणि तिथे बेन्झाइतेन झाली, हातात वाद्य, पाण्याजवळ देऊळ. तिच्या नावातला मधला झाइ मुळात "प्रतिभा" या अर्थाच्या कांजीने लिहायचे, जे विद्येच्या देवीला साजेसंच आहे. पुढे लोक धनासाठी तिच्याकडे जायला लागले आणि त्याच आवाजाची पैशाची कांजी लिहायची पद्धत पडली. आणि आता बारकाईने बघा, पैशाच्या झाइ मध्ये उजवीकडे ती प्रतिभेची कांजीच बसलेली आहे, तीन रेघांची, आणि डावीकडे सात रेघांची कवडी आलीय. विद्येच्या देवीच्या नावाला नुसती एक कवडी चिकटली आणि ती धनाची देवी झाली! कामाकुराला झेनिआराइ बेन्तेन म्हणून देऊळ आहे, तिथे गुहेतल्या झऱ्याच्या पाण्यात लोक नाणी आणि नोटासुद्धा टोपलीत ठेवून धुतात, धुतलेला पैसा वाढून परत येतो अशी श्रद्धा. लक्ष्मीही जपानला गेली, किचिजोऽतेन नावाने, आणि कुबेर बिशामोनतेन म्हणून. तर मेव्हण्याला "लक्ष्मी" हाच भाव हवा असेल तर एकट्या तोमीमध्ये तो पूर्ण येत नाही. देवीची कृपा हा भाव फुकु मध्ये जास्त आहे.

आता वाचनाचा गोंधळ. इथे नियमापेक्षा जागा महत्त्वाची. दोन कांजी जोडून बनलेला सामान्य शब्द असेल तर बहुधा फु (होऽफु, फुगोऽ), क्वचित फू, जसं फूकी म्हणजे धन आणि मानमरातब. सुटा शब्द असेल किंवा त्यानंतर अस्सल जपानी शब्द येत असेल तर तोमी. जुन्या काळची लॉटरी तोमिकुजी याच जातीतली. एदो काळात मंदिरांना दुरुस्तीसाठी पैसे जमवायला सरकार परवानगी द्यायचं, पेटीत लाकडी पट्ट्या टाकून वरच्या भोकातून लांब टोच्याने एक टोचून बाहेर काढायचे, ती पट्टी ज्याची त्याला बक्षीस. १८४२ मध्ये तेन्पोऽ सुधारणांच्या वेळी ते बंद केलं. पण शब्द गेला नाही, जपानच्या फौजदारी कायद्याच्या १८७ व्या कलमात बेकायदा लॉटरीला आजही तोमिकुजीच म्हटलंय. रस्त्यावर ताकाराकुजी, कायद्यात तोमिकुजी.

गावांच्या आणि माणसांच्या नावात मात्र पाठ करण्याला पर्याय नाही. तोयामा प्रांतात नुसता तो. ओसाकाजवळच्या तोन्दाबायाशी शहरात तोन. आडनाव तोमिता असू शकतं, त्याच दोन कांजी तोमिदा किंवा तोन्दा पण वाचल्या जातात, म्हणून मी व्हिजिटिंग कार्डवरून अंदाज कधी करत नाही, सरळ विचारते, आणि जपान्यांनासुद्धा एकमेकांना विचारावं लागतं त्यामुळे त्यात काही वाईट दिसत नाही. होक्काइदोचं फुरानो, लॅव्हेंडरच्या शेतांमुळे आपल्याकडचे टुरिस्टही आता जातात, तिथे तर अर्थाचा काही संबंधच नाही. मूळ नाव तिथल्या मूळ रहिवासी ऐनु लोकांच्या भाषेतलं, गंधकाच्या वासामुळे "वास येणारी जागा" असा त्याचा अर्थ. लिहिताना फु या आवाजाला चांगली दिसणारी कांजी हवी होती म्हणून ही घेतली.

फुजी डोंगराचंही थोडंफार असंच. ३७७६ मीटरचा तो डोंगर, नावात पहिली कांजी आपली आणि दुसरी योद्ध्याची. बांबूत सापडलेल्या मुलीच्या जुन्या कथेत शेवटी सम्राट अमरत्वाचं औषध डोंगरमाथ्यावर जाळायला पाठवतो, बरोबर खूप सैनिक चढतात, म्हणून "योद्ध्यांनी समृद्ध" डोंगर असं नाव पडलं म्हणतात. ती कथेतली व्युत्पत्ती आहे, खरं म्हणजे आवाजासाठी शुभ कांजी निवडल्या असं धरून चाला. पण बघा, कथा रचणाऱ्याच्या डोक्यातही या कांजीचा अर्थ "अमुकने भरलेला" हाच होता, तोमु मधला.

कंपन्यांच्या नावांत तर अजून वेगळं. फुजित्सु ही जपानी कंपनी तुम्हाला माहीत असेल, पुण्यात त्यांच्यासाठी काम केलेले कितीतरी लोक भेटतील. तिची आई कंपनी फुजी इलेक्ट्रिक, १९२३ ची, ती फुरुकावा हा जपानी उद्योगसमूह आणि जर्मनीची सीमेन्स यांनी मिळून काढली, फुरुकावाचा फु आणि सीमेन्सचं जर्मन वळणाने जपानीत जीमेन्सु व्हायचं त्यातला जी. लिहिताना मात्र डोंगराच्याच कांजी. तेव्हा कोणाच्या बोर्डवर ही कांजी दिसली म्हणून तिथे श्रीमंतीचा संदेश आहे असं समजायचं कारण नाही.

इथपर्यंतचं एकत्र करून सांगते म्हणजे पुढचं सोपं जाईल. तोमीचा गाभा भरलेपण. पैशाच्या अर्थाने आली तर मोठ्या पातळीवरची, लेखी भाषेतली. रोजच्या बोलण्यातल्या पैशाला काने (ओकानेमोचीतला), मालमत्तेला झाइ, गुंतवलेल्या पैशाला शि, शुभेच्छेला फुकु. आणि नावात आली तर बऱ्याचदा नुसता आवाज.

आता बोर्ड. हे परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून तीन गोष्टी ठरवा. पहिली, ही कांजी कोण बघणार. फक्त ठाण्यातले ग्राहक बघणार आणि एक सुंदर चिन्ह म्हणून हवी असेल तर तोमी चालेल, चुकीची अजिबात नाही, शुभ कांजी आहे, जपानी माणूस बघून हसणार वगैरे नाही. जपानी ग्राहक येण्याची शक्यता असेल तर मी स्वतः एकटी मोठी कांजी बोर्डवर लावणार नाही, नावाखाली बारीक अक्षरात शिसान उन्योऽ लिहीन, त्यांना धंदा कळेल. आणि आतल्या भिंतीवर फ्रेम करून लावायची असेल तर फुकु किंवा तोमी, दोन्ही छान दिसतात.

दुसरी गोष्ट, आवाज. बऱ्याच जणांना कांजीबरोबर तिचं वाचनही ब्रँडचं नाव म्हणून हवं असतं. कृपा करून फु ठेवू नका. जपानी कानाला सुटा फु ऐकला की आधी "नाही" या अर्थाचा उपसर्ग फु आठवतो, फुआन म्हणजे अस्वस्थता, फुबेन म्हणजे गैरसोय, आणि हिशेबात तर फु म्हणजे उणे, फुसाइ म्हणजे चक्क कर्ज! गुंतवणुकीच्या ऑफिसला हे नाव म्हणजे नको ते बोलावणं. तोमी हा आवाज मात्र गोड आहे आणि अर्थही सरळ लागतो. तसंच फुकोकु क्योऽहेइ हे चार कांजींचं वाक्य नेटवर "समृद्धी आणि बळ" म्हणून सुंदर सुलेखनात मिळतं, ते टाळा. देश श्रीमंत करा, सैन्य बळकट करा ही मेइजी काळातली सरकारी घोषणा होती, तिच्यामागे नंतरच्या युद्धांचा इतिहास आहे. त्याच काळाची चांगली बाजू बघायची तर गुन्मा प्रांतातली तोमिओका रेशीम गिरणी बघा, १८७२ मध्ये सरकारने फ्रेंच तंत्रज्ञ बोलावून उभी केली, २०१४ पासून जागतिक वारसा आहे. ती उभारण्यात ज्यांचा हात होता ते शिबुसावा एइइची २०२४ च्या जुलैपासून दहा हजार येनच्या नोटेवर आहेत. त्या गावाच्या नावात पहिली कांजी आपली तोमी, दुसरी ओका म्हणजे टेकाड, पुण्यातल्या ज्या बागेला लोक ओकायामा बाग म्हणतात त्या ओकायामातला ओका तोच.

तिसरी गोष्ट, टिंब. छपराच्या डोक्यावर एक छोटं टिंब असतं, ते असलेली बारा रेघांची कांजी ही प्रमाण. टिंब नसलेली अकरा रेघांची पण एक आहे, ती चूक नाही, जुनं लेखनरूप आहे आणि आजही नावांत चालते. होकुसाइ या चित्रकाराच्या फुजीच्या छत्तीस दृश्यांच्या मालिकेवर, म्हणजे ती प्रसिद्ध मोठी लाट ज्यात आहे आणि जी आता नव्या हजार येनच्या नोटेमागे छापलीय, तिथे टिंब नसलेलीच आहे. तोमिता आडनावाच्या माणसाचं टिंब असेल तर असतं आणि नसेल तर नसतं, व्हिसाच्या किंवा बँकेच्या जपानी कागदात दुसरं रूप टाकलं तर कागद परत येऊ शकतो, त्यामुळे नावांचं भाषांतर तपासताना मी स्क्रीन मोठी करून हे टिंब बघतेच. बोर्डसाठी टिंबवालीच घ्या. एन३ वाल्यांसाठीही तीच, जपानी शाळेत ती आता चौथीत शिकवतात. आधी पाचवीत होती, २०२० पासूनच्या अभ्यासक्रमात सगळ्या प्रांतांच्या नावातल्या कांजी चौथीपर्यंत आणल्या आणि तोयामामुळे ही पण एक वर्ष खाली आली.

हाताने लिहून बघा एकदा, बोर्ड करणाऱ्याला दाखवायलाही उपयोग होतो. आधी टिंब, मग डावीकडची छोटी उतरती, मग आडवी जाऊन उजवीकडे आत वळणारी, छप्पर झालं तीन रेघांत. मग एक आडवी. मग चौकोन तीन रेघांत, डावी, वरून उजवीकडे वळणारी, खालची. मग शेत पाच रेघांत: डावी उभी, वरून वळून उजवी, मग मधली उभी, मग मधली आडवी, आणि सगळ्यात शेवटी तळाची रेघ ओढून बंद. मधली उभी आधी की आडवी आधी यात चिनी आणि जपानी क्रम वेगळा आहे, चिनी व्हिडिओ बघून शिकलात तर आडवी आधी येईल. चौकोन लहान आणि चपटा ठेवा, शेत जरा रुंद, नाहीतर कांजी उंच होऊन पडल्यासारखी दिसते. आणि छप्पर शेतापेक्षा थोडं बाहेर आलं पाहिजे.

प्रिंटिंगचं शेवटचं. फ्लेक्सवाल्याकडे जपानी फाँट नसतो, तुम्ही वर्डची फाइल दिली की तिथे चौकोनी डबे उमटतात किंवा तो नेटवरून कुठलंतरी चित्र उचलून लावतो, कधी आरशातल्यासारखं उलटं. तेव्हा जपानी फाँटमध्ये टाइप करून, कर्व्ह करून, म्हणजे अक्षराचं आकृतीत रूपांतर करून, पीडीएफ द्या, आणि सोबत वरची बाजू कुठली ते बाणाने दाखवून एक प्रिंट द्या. काचेवर व्हिनाइल लावणार असाल तर आतून लावायचं की बाहेरून ते आधीच सांगा, उलटापालट तिथेच होते. लेझर कटिंगने ॲक्रिलिकमध्ये कापून घेणार असाल तर शेताचे चार खण आणि वरचा चौकोन हे बंद आकार आहेत, अक्षर पोकळ कापलं तर आतले तुकडे गळून पडतील, त्यामुळे उठावाचं अक्षर सांगा. फाइल बनली की प्रिंटला देण्याआधी इथे टाका, टिंब आणि रेघा बघून सांगते.